सुशीच्या पंक्तीला बसण्यापूर्वी

पुणे-नाशिक महामार्गावर भीमेच्या काठी वसलेले खेड हे हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे जन्मगाव, आणि त्यांच्याच स्मरणार्थ ते आज राजगुरुनगर या नावाने ओळखले जाते. या गावाच्या दक्षिणेस चाकणच्या माळावर जी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिने तालुक्यातील तरुणांस रोजगार दिलाच, शिवाय दूरदेशीच्या माणसांशी, त्यांच्या कार्यपद्धतीशी आणि त्यांच्या अन्नाशीही त्यांचा संबंध जोडून दिला. ब्रिजस्टोन या जपानी कंपनीचा टायरचा कारखाना चाकणात आहे. इतर जपानी उद्योगांशी व्यवहार असणारे, त्यांना सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखानेही या पट्ट्यात आहेत. आणि ज्या घरांत पूर्वी चाकणच्या बाजारातील कांद्याचा भाव हा सायंकाळच्या बोलण्याचा मुख्य विषय असे, त्या घरांत आता ‘कायझेन’ आणि ‘फाइव्ह एस’ हे जपानी कारखानदारीतले शब्दही सहजपणे कानी पडतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी भाषेचे शिक्षण घेऊन दुभाष्याचे काम करू पाहणाऱ्या मुलामुलींनाही हा प्रदेश जवळचा आहे. अशा स्थितीत एखाद्या जपानी अधिकाऱ्याच्या निमंत्रणावरून, अथवा मुलाच्या पहिल्या पगाराच्या आनंदाप्रीत्यर्थ, पिंपरी-चिंचवड, पुणे वा मुंबई येथील, सुशी या जपानी खाद्यप्रकाराच्या उपाहारगृहाची पायरी चढण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणावरही येऊ शकतो. त्या प्रसंगी काय पाहावे, काय विचारावे, कसे खावे आणि काही उणे आढळल्यास कोणती वाट धरावी, याची माहिती एकत्र मिळावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

अशा ठिकाणी जाऊन आलेल्यांच्या बोलण्यात काही तक्रारी वारंवार येतात: अन्न कोमट होते, तुकडे लहान होते, वाढायला वेळ लागला, रक्कम फार झाली, सूप शाकाहारी आहे असे सांगितले पण त्यास माशाचा वास होता. या तक्रारींची नीट छाननी केली तर असे दिसून येते की त्यांपैकी काहींचे मूळ आपल्या अपुऱ्या माहितीत असते, तर काही खरोखरीच गंभीर असून ग्राहकाने भिडेखातर त्या गिळून टाकलेल्या असतात. कोमट भात हा दोष नव्हे, तो गुण आहे. परंतु शाकाहारी म्हणून वाढलेल्या सुपात माशाचा अर्क असणे हा अक्षम्य अपराध आहे. या दोहोंतील भेद ओळखता येणे, ही सुशीच्या ग्राहकाची पहिली पात्रता होय. हे अन्न शिजविण्याच्या अग्नीचा आधार न घेता पुष्कळदा कच्च्या स्वरूपात पुढे येते, म्हणून ते करणारा आणि खाणारा यांच्यातील विश्वासावर ते जितके अवलंबून असते तितके क्वचितच दुसरे अन्न असेल. आणि विश्वास हा खातरजमेच्या पायावरच टिकतो.

या अन्नाचा पूर्वेतिहास

अपेक्षा योग्य असाव्यात म्हणून प्रथम थोडा इतिहास. सुशीचा उगम चवीच्या हौसेत नसून मासे टिकविण्याच्या गरजेत आहे. मिठात मुरविलेला मासा शिजविलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवावा, भात आंबून त्याच्या आम्लाने मासा टिकावा, आणि मग भात टाकून देऊन मासा तेवढा खावा, ही प्राचीन रीत; जपानमधील बिवा सरोवराच्या परिसरात ‘फुनाझुशी’ या नावाने ती आजही जिवंत आहे. पुढे भात फेकून न देता माशासह खाण्याची प्रथा पडली, आंबविण्याची जागा शिरक्याने घेतली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई याने शिरका घातलेल्या भाताच्या हाताने वळलेल्या मुटक्यावर माशाची चकती ठेवून ती तत्क्षणी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याचा प्रघात लोकप्रिय केला असे मानले जाते. हाच आजचा ‘निगिरी’ प्रकार. तो रस्त्याकडेच्या टपरीवर घाईत असलेल्या कष्टकऱ्यांसाठी जन्मला, ही गोष्ट त्याच्या आजच्या किमतीकडे पाहून बिचकणाऱ्याने अवश्य ध्यानात ठेवावी. १९२३ च्या भीषण भूकंपानंतर टोकियोतील अनेक सुशी-कारागीर आपापल्या गावी परतले आणि त्यांच्याबरोबर ही कला देशभर पसरली.

आपल्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांस विशेष जवळचा वाटेल असा एक टप्पा पुढेच आहे. योशिआकी शिराइशी नावाच्या उपाहारगृह-चालकाने बिअरच्या कारखान्यातील बाटल्या वाहून नेणारा पट्टा पाहिला आणि १९५८ साली ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरून सुशीच्या बशा गिऱ्हाइकांपुढे नेणारे पहिले उपाहारगृह सुरू केले. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात ही युक्ती लोकांच्या नजरेत भरली आणि सुशी पुन्हा सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. चाकणच्या कारखान्यात ज्याचे हात दिवसभर अशाच पट्ट्यापाशी राबतात, त्याने या अन्नाकडे श्रीमंतांची चैन म्हणून पाहण्याचे कारण नाही. त्याच्या इतिहासात श्रमिकाचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात या अन्नाला प्रतिष्ठेचे स्थान मिळाले ते मुख्यतः मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलात २००४ साली उघडलेल्या ‘वासाबी बाय मोरिमोतो’ यासारख्या ठिकाणांमुळे. त्यानंतर मध्यम दराची उपाहारगृहे मुंबई-पुण्यात निघाली.

जाण्यापूर्वीची चौकशी

प्रथमतः दूरध्वनीवरून चौकशी करूनच निघावे. चार प्रश्न अवश्य विचारावेत: कच्चा मासा कोठून व कोणत्या वारी येतो, शाकाहारी जिन्नस वेगळ्या फळीवर व वेगळ्या सुरीने केले जातात काय, दर तुकड्यावर आहे की ताटावर, आणि सेवेच्या नावाने वेगळी रक्कम आकारली जाते काय. या प्रश्नांची उत्तरे शांतपणे व नेमकेपणाने मिळाली तर ते उपाहारगृह आपले काम जाणते असे समजावे. ‘सर्व काही ताजे आहे’ एवढेच मोघम उत्तर मिळाले तर कच्च्या माशाचे पदार्थ तेथे न मागविणे शहाणपणाचे.

दराविषयीचा प्रश्न संकोचाचा मानू नये. निगिरी बहुधा दोन तुकड्यांच्या जोडीने मिळते. शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या सुरळीचे, म्हणजे ‘माकी’चे, साधारणतः सहा किंवा आठ तुकडे येतात. हे ठाऊक नसेल तर चौघांच्या कुटुंबाने एक-एक पदार्थ मागवून अर्धपोटी परतणे, अथवा अजाणता दहा पदार्थ मागवून निम्मे टाकून देणे, असे दोन्ही प्रकार घडतात. प्रथम थोडे मागवावे, चव पाहावी आणि मग पुढची फर्माईश करावी. उरलेली सुशी घरी नेऊन दुसऱ्या दिवशी खाण्याजोगी नसते.

कच्च्या माशाविषयी मन घेत नसेल तर ते उघडपणे सांगावे; त्यात कमीपणा नाही. उकडलेली कोळंबी, भाजून गोडसर रस चोपडलेली ‘उनागी’ नावाची वाम, थरांनी गुंडाळून केलेले अंडे, तळलेल्या कोळंबीची सुरळी, हे सारे शिजविलेले प्रकार आहेत आणि जपानी माणूसही ते आवडीने खातो. नवख्याने येथूनच आरंभ करावा. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांनी कच्चा मासा वर्ज्यच मानावा; यजमान कितीही आग्रही असला तरी या बाबतीत भीड धरू नये.

शाकाहारी वाचकांसाठी

आपल्या तालुक्यात वारकरी घरे पुष्कळ आहेत आणि आळंदीचे सान्निध्य असल्याने माळकरी मंडळींची संख्याही मोठी आहे. त्यांच्यापैकी कोणी मुलाबाळांच्या समवेत अशा ठिकाणी गेल्यास केवळ ‘व्हेज’ या शिक्क्यावर विसंबून राहू नये, हे मी आग्रहपूर्वक सांगतो. जपानी पाकक्रियेचा पाया असलेले ‘दाशी’ नामक पाणी बहुधा वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाच्या तुकड्यांपासून केलेले असते, आणि ते पाणी मिसोच्या सुपात, भाज्यांच्या रश्शात, नूडल्समध्ये, तसेच इनारी सुशीसाठी टोफूच्या ज्या पिशव्या शिजवितात त्यांच्या रसातही असू शकते. भाजीच्या सुरळीवर केशरी रंगाचे बारीक कण भुरभुरलेले दिसले तर ती माशाची अंडी असण्याचा संभव असतो. जपानी मेयोनेझमध्ये अंड्याचा बलक असतो. ‘क्रॅब स्टिक’ म्हणून येणारी लालपांढरी कांडी माशाच्या लगद्याची असते. तळलेल्या भाजीचे पीठ अंडे घालून भिजविलेले असू शकते आणि ती ज्या कढईत तळली त्याच तेलात कोळंबीही तळली गेली असू शकते. गोडसर चवीसाठी घालतात त्या ‘मिरिन’मध्ये मद्यार्क असतो; ज्यांना तोही निषिद्ध आहे त्यांनी त्याविषयी स्वतंत्रपणे विचारावे.

तेव्हा शाकाहारी ग्राहकाने ‘हे शाकाहारी आहे काय’ असा एकच प्रश्न न विचारता असे विचारावे: सुपाचे पाणी माशाचे की कोंबू शेवाळाचे व शिताके अळंब्यांचे? सुरी आणि फळी वेगळी आहे काय? तेल वेगळे आहे काय? यांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावर काकडीची ‘काप्पा माकी’, पिवळ्या मुरविलेल्या मुळ्याची सुरळी, ॲव्होकॅडोची सुरळी, असे प्रकार निर्धास्त मनाने मागवावेत. शेवाळाचा काळसर पापुद्रा ही वनस्पतिजन्य वस्तू आहे. त्याला समुद्राचा वास येतो, तो माशाचा नव्हे. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की सर्वसाधारण सोया सॉस सोयाबीनबरोबर गव्हापासूनही केलेला असतो.

कच्च्या माशाची सुरक्षितता

लोकांत एक समज दृढ आहे की सुशीचा मासा समुद्रातून काढून थेट ताटात आलेला असला म्हणजे तो सर्वोत्तम. वस्तुस्थिती निराळी आहे. समुद्री माशांत कृमी असू शकतात आणि त्यांचा नाश करण्यासाठी मासा कडक गोठविणे हा मान्य उपाय आहे. अमेरिकेच्या अन्न-प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार उणे २० अंश सेल्सियस तापमानास सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांस पंधरा तास मासा गोठवून ठेवावा लागतो. म्हणून ‘हा मासा गोठविलेला आहे काय’ या प्रश्नास ‘होय’ असे उत्तर आले तर नाराज होऊ नये. ते उत्तर आपल्या हिताचे आहे. तथापि गोठविण्याने कृमी मरतात, जंतू सगळे मरत नाहीत. त्यामुळे पुढची हाताळणी थंड आणि स्वच्छ असणे तितकेच आवश्यक. वीजपुरवठा खंडित होणे आपल्याकडे अपूर्व नाही. शीतकपाटास जनित्राचा आधार आहे काय, ही चौकशी म्हणूनच अगदी रास्त आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात जून-जुलै महिन्यांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. त्या काळात स्थानिक ताज्या माशाचा दावा कोणी केला तर त्याचा उगम अधिक बारकाईने विचारावा.

येथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने देणे मला कर्तव्य वाटते. भीमेत अथवा चासकमानच्या जलाशयात मिळणारा रोहू, कटला, मरळ वा वाम यांपैकी कोणताही मासा, तो कितीही जिवंत व तजेलदार असला, तरी घरी कच्चा खाण्याचा प्रयोग कदापि करू नये. गोड्या पाण्यातील माशांतून यकृतास ग्रासणारे चपटे कृमी व अन्य परोपजीवी माणसाच्या शरीरात जाऊ शकतात. हौशी तरुणांनी चलच्चित्रे पाहून घरीच सुशी करण्याचा बेत केला तर तो शिजविलेल्या किंवा शाकाहारी जिन्नसांपुरता मर्यादित ठेवावा.

पंक्तीतील रीत

आसनस्थ होताच बहुधा एक ओला, गुंडाळलेला पंचा हाती येतो. तो हात पुसण्यासाठी आहे. त्याने मान, तोंड पुसू नये. समोर सोया सॉसची लहान वाटी, हिरव्या वासाबीचा छोटा गोळा आणि आल्याच्या गुलाबी वा पिवळसर चकत्या येतील. वासाबीला चटणी समजून बोटभर तोंडात घालू नये. तिचा झणका नाकात चढतो, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती मूळ वासाबीच्या कंदाची नसून हॉर्सरॅडिश व मोहरी यांपासून बनविलेली असते. आल्याची चकती सुशीवर ठेवून खायची नसते. एक प्रकार संपवून दुसऱ्याकडे वळताना जिभेवरील आधीची चव पुसून टाकण्यासाठी ती खावयाची.

निगिरी हाताने खाण्यास पूर्ण मुभा आहे. चॉपस्टिक जमत नसतील तर संकोच न करता बोटांनी घ्यावी आणि शक्यतो एका घासात खावी. सॉसमध्ये भाताची बाजू न बुडविता माशाची बाजू किंचित टेकवावी. भात बुडविला तर तो सॉस शोषून विस्कटतो आणि खारटपणाखाली सर्व चव बुडते. हलक्या चवीच्या पांढऱ्या माशापासून आरंभ करून तेलकट व भारदस्त चवीच्या प्रकारांकडे जावे, हा जाणत्यांचा क्रम आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढ्यात आलेला तुकडा गप्पांत गुंतून पडू देऊ नये. तव्यावरून उतरलेली भाकरी जशी त्याच क्षणी खाण्यात अर्थ असतो तशीच सुशीची गोष्ट आहे; भाताची ऊब, माशाचा गारवा आणि शेवाळाचा कुरकुरीतपणा यांचा मेळ थोडकी मिनिटेच टिकतो. छायाचित्रे काढण्याची हौस असेल तर ती एकदोन क्षणांत भागवावी.

जपानी सहकाऱ्याबरोबर गेलेल्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी पाळाव्यात. चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवू नयेत आणि एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर पदार्थ देऊ नये. या दोन्ही कृतींचा संबंध त्यांच्याकडे मृतास अर्पण केलेल्या भाताशी आणि दहनानंतर अस्थी वेचण्याच्या विधीशी आहे. पेय स्वतःच्या पेल्यात स्वतः ओतण्याऐवजी शेजाऱ्याच्या पेल्यात ओतण्याची त्यांची रीत आहे. मद्य घेत नसाल तर आरंभीच हसतमुखाने सांगावे. चहाचा पेला उंचावून त्यांच्या सोहळ्यात सहभागी होता येते. आणि आपण यजमान असाल तर हेही ध्यानात असू द्यावे की दूरदेशी आलेल्या पाहुण्यास आपल्या घरची पिठलं-भाकरी अथवा मासवडी खाण्याची उत्सुकता पुष्कळदा अधिक असते. त्यास सुशीगृहातच नेणे हे आदरातिथ्य नेहमीच ठरत नाही.

अन्नाची आणि सेवेची पारख

भाताकडे प्रथम लक्ष द्यावे, कारण सुशीचे खरे मर्म माशापेक्षा भातात आहे. भाताची शिते सुटी जाणवावीत, पण मुटका हातात विस्कटू नये. शिरका, साखर आणि मीठ यांची चव सौम्य असावी. ऊब अंगाच्या उष्णतेइतकी असावी. भात थंडगार, टणक आणि कोरडा लागला तर तो शीतकपाटात ठेवलेला होता असे समजावे, आणि ही तक्रार करण्याजोगी बाब आहे. माशास तजेला असावा, तो घट्ट असावा, आणि त्यास उग्र वास मुळीच नसावा. पापुद्रा चिवट, ओलसर झाला असेल तर सुरळी बराच वेळ आधी करून ठेवलेली आहे. कच्च्या माशाच्या बाबतीत यत्किंचितही शंका आली तर पुढचा घास घेऊ नये. पैसे वाया जातील या विचाराने संशयास्पद मासा संपविणे यासारखी दुसरी चूक नाही.

सेवेची पारख करताना वेगावर फार भर देऊ नये. निगिरी एकेक करून वळली जाते. चौघांच्या ताटाला वेळ लागणे हा तिच्या स्वभावाचा भाग आहे. सेवा चांगली की वाईट हे वेगळ्या लक्षणांवरून ठरते: प्रश्न विचारल्यावर सेवक स्वतःस ठाऊक नसल्यास आत जाऊन विचारून येतो काय, शाकाहारी पदार्थाविषयीची सूचना तो लिहून घेतो काय, चहाचा पेला रिकामा दिसताच विचारणा होते काय, कारागीर कच्चा मासा हाताळल्यावर हात व सुरी धुतो काय. कारागिराच्या समोरील बाकावर जागा मिळाली तर अवश्य तेथेच बसावे. त्याचे काम डोळ्यांदेखत दिसते, आणि प्रश्न विचारणाऱ्या उत्सुक गिऱ्हाइकास तो बहुधा अधिक आस्थेने वाढतो.

या ठिकाणी काम करणारे तरुण पुष्कळदा ईशान्य भारतातून वा नेपाळातून आलेले असतात. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांस जपानी वा चिनी ठरविणे, एकेरीत हाक मारणे, टिचक्या वाजवून बोलावणे, या गोष्टी आपल्या संस्कृतीस शोभणाऱ्या नाहीत. घरापासून शेकडो कोस दूर राहून परक्या पाककलेत नैपुण्य मिळविणाऱ्या या मुलांस ‘दादा’, ‘ताई’ अशी आपुलकीची हाक मारावी आणि पदार्थ आवडल्यास तो कोणी केला हे विचारून त्याची प्रशंसा त्याच्याच कानी घालावी. चांगल्या सेवेची अपेक्षा करणाऱ्याने सौजन्याचा आपला हिस्सा आधी पुरा केला पाहिजे.

देयक आणि तक्रार

देयक हाती आल्यावर ते शांतपणे वाचावे. उपाहारगृहाच्या देयकावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असणे आवश्यक आहे. सेवाशुल्क या नावाने एखादी रक्कम आपोआप जोडलेली असेल तर ती देण्याची सक्ती ग्राहकावर करता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ही रक्कम वस्तू व सेवा करापेक्षा वेगळी आहे हे ओळखावे. कर देणे बंधनकारक, सेवाशुल्क ऐच्छिक. जपानमध्ये बक्षिशी देण्याचा शिरस्ता नाही. आपल्याकडे सेवा मनास आली तर खुशीने द्यावी, आणि ती शक्यतो प्रत्यक्ष वाढणाऱ्याच्या हाती द्यावी.

तक्रार असेल तर ती तेथल्या तेथे, पदार्थ समोर असताना, व्यवस्थापकास बोलावून, आवाज न चढविता आणि नेमक्या शब्दांत मांडावी. ‘जेवण वाईट होते’ या वाक्याने कोणाचेच हित होत नाही. ‘भात थंड व कडक आहे’, ‘शाकाहारी सुपात माशाच्या वाळल्या तुकड्यांचा अर्क आहे असे आता कळले’, असे म्हटल्यास सुधारणेची दिशा मिळते. पहिल्या प्रकारच्या चुकीबद्दल पदार्थ बदलून दिला आणि दिलगिरी व्यक्त केली तर प्रकरण तेथेच मिटवावे. परंतु शाकाहारी व्यक्तीस सामिष वाढले गेले, अथवा खाण्याने प्रकृती बिघडली, तर मूळ देयक, पदार्थाचे छायाचित्र व वैद्यकीय कागदपत्रे जपून ठेवावीत आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर, अन्न व औषध प्रशासनाकडे, किंवा प्रसंगी जिल्हा ग्राहक आयोगाकडे रीतसर तक्रार नोंदवावी. खाल्ल्यानंतर तीव्र पोटदुखी, उलट्या वा ताप आल्यास डॉक्टरांस कच्चा मासा खाल्ल्याचे आवर्जून सांगावे; ते लपविल्याने निदान लांबते.

घरपोच आणि घरी

कच्च्या माशाची सुशी पिंपरी-चिंचवडहून राजगुरुनगरास घरपोच मागविण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशवंत अन्न सामान्य तापमानास दोन तासांपेक्षा अधिक, आणि उष्मा ३२ अंशांच्या वर असल्यास एका तासापेक्षा अधिक ठेवू नये, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. चाकणच्या तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात वाहनांची जी कोंडी होते ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांस हा हिशेब अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही. फार तर शाकाहारी अथवा शिजविलेले प्रकार मागवावेत आणि येताच खावेत.

घरी करून पाहण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी मात्र आपल्याच परिसराने एक उत्तम साधन दिले आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहराच्या संकरातून १९८७ साली प्रसारित केलेला इंद्रायणी तांदूळ शिजल्यावर मऊ आणि चिकटसर होतो; आखूड दाण्याच्या जपानी तांदळाशी तो तंतोतंत जुळत नसला आणि त्याचा सुवास वेगळा असला, तरी घरगुती सुरळीसाठी तो पुरेसा उपयोगी पडतो. तांदूळ निवळ पाणी येईपर्यंत धुवावा, बेताच्या पाण्यात शिजवावा, गरम असतानाच तांदळाचा शिरका, साखर व मीठ यांचे मिश्रण हलक्या हाताने कालवावे, वारा घालून निववावा आणि पापुद्र्यावर पातळ पसरून काकडी, गाजर वा पनीर ठेवून गुंडाळावा. पहिल्या सुरळ्या वेड्यावाकड्या होतील. सुरी प्रत्येक वेळी ओली करून कापल्यास तुकडे सुबक पडू लागतात. असा खटाटोप एकदा केला म्हणजे उपाहारगृहातील कारागिराच्या हातातील कौशल्याची किंमत कळते, आणि दराविषयीचे आपले मतही अधिक न्याय्य होते.

या पट्ट्यातील जपानी उपाहारगृहांची परंपरा अद्याप कोवळी आहे. कोणते उपाहारगृह टिकेल, कोठे भात योग्य उबेचा मिळेल, कोठे शाकाहाऱ्याच्या शब्दास मान राहील, हे येत्या वर्षांत ग्राहकच ठरविणार आहेत. जो ग्राहक काहीच विचारीत नाही, त्याच्यासाठी कोणी सुरी वेगळी ठेवीत नाही. जो अकारण ओरडतो, त्याची खरी तक्रारही कोणी मनावर घेत नाही. आणि जो चांगल्याबद्दल दोन शब्द बोलत नाही, त्याला पुढच्या वेळी चांगलेच मिळेल याची हमी कोणी देत नाही. म्हणून आधी विचारा, लक्ष देऊन खा, उणे दिसल्यास नेमके सांगा, आणि आपला अनुभव इतरांस कथन करताना त्यात जितके सत्य आहे तितकेच सांगा. एवढे पथ्य सांभाळले तर राजगुरुनगरच्या माणसास दूरदेशीची ही पंक्ती परकी वाटणार नाही, आणि त्याच्यामागून येणाऱ्यास ती अधिक चांगली वाढलेली मिळेल.